प्रति: एफडी असल्यावर देव कशाला?

एफडी आणि विमा असला की देवाची गरज उरत नाही, असं वर एकांनी म्हटलंय. आमच्या घरी हा हिशोब दोनदा चुकला.

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये निघाली. आजोबा नंतरच्या एका गिरणीत होते. भोंगा वाजतोय तोवर घर चालणार, अशी खात्री. गिरणी बंद पडली. मग वडिलांनी यंत्रमागावर चादरी विणून साठवलेले पैसे एका पतसंस्थेत ठेवले, तेही अडकले. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो (२०२० च्या आधी १ लाखच होता), पतसंस्थेला नसतो, हे तेव्हा कळलं. उशिराच म्हणायचं.

त्या वर्षीसुद्धा सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या जत्रेत, यण्णीमज्जनाला (लिंगांच्या तैलाभिषेकाला), वडील बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घालून नंदीध्वजांबरोबर (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) शहरातल्या ६८ लिंगांना फिरून आले. मी चिडून विचारलं, "सिद्धरामेश्वर पैसे परत देणार का, आप्पा?"

"मी मागितलेच न्हाईत. तू झोपलास का रात्री?"

नव्हतो झोपलो. ते मात्र घोरत होते.

पण "देव बघून घेईल" म्हणत हातावर हात धरून बसणाऱ्यांशीही माझं जमत नाही. सिद्धरामेश्वरांनी लोकांसाठी तळं खोदवलं, नुसती पावसाची वाट पाहिली नाही. म्हणून टर्म इन्शुरन्स मी काढलाय. पॉलिसीचा कागद आप्पांनी देव्हाऱ्यात ठेवलाय, अंगाऱ्याच्या डबीखाली.