लढाईत गेलेली आपली बेने इस्राएल माणसं: आठवणी असतील तर लिहा

नागावची लेक
सण जवळ आला म्हणून परवा स्वयंपाकघर उपसायला काढलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमचा अनाशी ढाकाचा सण, तुम्ही पेसाह म्हणून ऐकलं असेल. घरात खमिराचा कणही राहू द्यायचा नाही, त्यामुळे डबा न् डबा बाहेर. माळ्यावरच्या पातेल्यात आमची जुनी झाकणी सापडली. दुधाच्या भांड्यावर कायम तीच असायची. १२ सेंटिमीटरची गोल, जाड, हाताला जड. मध्ये पानांची चक्री धरून उभी बाई, पुढे सिंह, बाजूला दोन छोटे मासे, आणि बाईच्या हातापाशी चौकटीत उठावाच्या इंग्रजी अक्षरांत एक नाव. आजी म्हणायची, "झाकणी नीट ठेव गं, हसाजी आहे तो." आम्हाला वाटायचं झाकणीलाच हसाजी म्हणतात.

हसाजी म्हणजे माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. सब-असिस्टंट सर्जन होते. १९१६ साली मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेले, बसऱ्याच्या इस्पितळात कॉलऱ्याने वारले. कबर आमच्यापैकी कुणीच पाहिली नाही. घरी आली ती ही ताटली.

काल रात्री ती मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते. तुमच्या घरात, शेजारात, गावात असं कुणी होतं का? आमच्यातलंच असायला पाहिजे असं नाही. लिहा.

पिंपळपान
"हसाजी आहे तो" इथेच अडकले. मुलांचे डबे करून येते.

जुनी पेटी
ताई, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या घरी सरकारने पाठवलेली ही स्मृतिताटली आहे. पितळ नाही, ब्राँझ. साडेतेरा लाखांच्या आसपास ओतल्या होत्या. हुद्दा मुद्दाम घातलेला नाही. जनरल असो की पाणक्या, सगळ्यांना एकाच मापाची. इंग्लंडात लोक 'डेड मॅन्स पेनी' म्हणायचे.
आणि हात जोडून सांगतो, चिंचेने घासू नका!! उठावाची अक्षरं झिजतात. मऊ फडक्याने पुसा, बास.

नागावची लेक
आजीने पन्नास वर्षं चिंच आणि राखेनेच घासली हो. सिंहाचं नाक गेलंय. नाव मात्र शाबूत आहे. आता हात लावणार नाही.

सातारकर
बेने इस्राएल नाही, मराठा आहे, तरी लिहितो. मेसोपोटेमिया वाचलं आणि राहवलं नाही. आमचे खापरपणजोबा ११७ व्या मराठा पलटणीत शिपाई. तिकडे कूतला तुर्कांच्या वेढ्यात अडकले. १४७ दिवस. शेवटी घोड्याचं मांस खायची पाळी आली, आपल्या कितीतरी लोकांनी आधी तेही खाल्लं नाही. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली आणि कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. आमचा माणूस त्या वाटेत कुठेतरी राहिला.
बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त लोकांची नोंद आहे, पण भिंतीवर नावं आली ती इंग्रजांची आणि आपल्यातल्या अधिकाऱ्यांची. आपल्या शिपायांचा पलटणीपुढे नुसता आकडा. अमुक पलटण, इतके इतके. त्या आकड्यातला एक आमचा आहे. तुमच्याकडे निदान नावाची ताटली आहे ताई, जपा.

नागावची लेक
दादा, काय लिहू. तुमचा आकडा वाचून पोटात तुटलं.

अष्टमीचा
आमच्यातले लोक यादीत सापडत नाहीत त्याचं आणखी एक कारण. जुन्या पलटणींच्या कागदांत आमची नावं इतकी मराठी की कुणाला कळणारच नाही. अब्राहमचा अबाजी, बिन्यामिनचा बुनाजी, मोशेचा मुसाजी. पुढे गावाचं नाव आणि 'कर'. आमच्या गावात अबाजी मराठ्यांतही होते आणि आमच्यातही. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारा तो आमचा, एवढाच फरक.
ईस्ट इंडिया कंपनीच्या, पुढे सरकारच्या मुंबई फौजेत आमचे लोक भरपूर होते, सुभेदार, सुभेदार मेजरपर्यंत पोचलेले. अफगाणिस्तान, इराण, ॲबिसिनिया सगळीकडे गेले. केहिमकरांनी लिहिलेल्या आमच्या लोकांच्या इतिहासात पानंच्या पानं नावं आहेत (लिहिला १८९७ साली, छापून आला १९३७ साली. ते तोवर हयात नव्हते). पुढे पलटणींत जातवार कंपन्या (तुकड्या) करायचं ठरलं आणि आमची वेगळी कंपनी होईल एवढे आम्ही कधी नव्हतोच. मग भरती आटली आणि मुलं डॉक्टरी, कारकुनी, रेल्वेकडे वळली. हसाजी सर्जन म्हणून गेले ते त्याच पिढीतले असणार.

मस्जिद बंदर
दिवेकरांचं कुणीच कसं लिहिलं नाही? सामाजी हसाजी दिवेकर, कंपनीच्या फौजेतले कमांडंट. टिपूच्या कैदेत पडले. आमच्याकडे सांगतात, टिपूच्या आईने जात विचारली, बेने इस्राएल म्हटल्यावर ती म्हणाली, कुराणात ज्यांची नावं येतात ते हे लोक, यांना मारू नका. सुटून आले आणि मुंबईत १७९६ साली पहिली मशीद बांधली. हो, सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला, आमचे म्हातारे मशीदच म्हणत. स्टेशनचं नाव मस्जिद, तेही त्यावरूनच असं आम्ही ऐकत आलो. सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाची.

अष्टमीचा
ते सुटले की राव. धागा गेलेल्यांचा आहे.

मस्जिद बंदर
ते सुटले, पण बरोबरचे किती राहिले तिकडे? त्यांची नावं कोण घेणार? आणि दिवेकर स्वतः तरी कुठे घरी वारले, मशिदीसाठी तोरा (आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी) आणायला कोचीनला गेले आणि तिकडेच गेले.

रास्तापेठी
माझा मोठा मामा १९४४ साली इंफाळला. मी पाहिलेला नाही, आईही तेव्हा नऊ वर्षांची. आजीच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली एक डबी होती. मी सात-आठ वर्षांची असताना गुपचूप उघडली. आत सहा टोकांचा पिवळसर तारा, निळ्या-लाल-नारिंगी पट्ट्यांच्या फितीला लावलेला. धावत जाऊन आजीला म्हटलं, हे बघ, मामाला दावीदाचा तारा मिळालाय! दावीदाचा तारा म्हणजे आमची धर्मखूण. आजी रागावली नाही. डबी घेतली, बंद केली, आणि मला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. बराच वेळ.
मोठेपणी कळलं, तो बर्मा स्टार, ब्रह्मदेशाच्या आघाडीचं पदक. सगळ्यांना सहाच टोकांचा द्यायचे, हिंदू, मुसलमान, गुरखा, गोरे, सगळ्यांना. आजीला हे माहीत होतं की नाही कुणास ठाऊक. शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) दिव्यांशेजारी ती डबी ठेवायची एवढं आठवतं.

पिंपळपान
रास्तापेठी, रडवलंत. कुकर लावायचा राहिला.

सागरवेडा
कामासाठी ब्रह्मदेशात यांगूनला होतो तेव्हा एका रविवारी ताउक्यानच्या युद्धस्मशानात गेलो. शहराच्या उत्तरेला, गाडीने तासभर. हिरवळ इतकी नीट राखलेली की चपला काढाव्याशा वाटतात. मधोमध खांबांचं मोठं स्मारक, त्यावर जवळजवळ २७ हजार नावं, ज्यांची कबर सापडली नाही त्यांची. पलटणीप्रमाणे. धर्माची खूण कुठे नाही. मराठा पलटणीच्या नावांवरून बोट फिरवत गेलो. जाधव, पवार, मोरे, शिंदे... गावातली हजेरी चालल्यासारखं.
कबरींपैकी काहींवर क्रुसाऐवजी तारा आणि ताऱ्यात बारीक हिब्रू अक्षरं. बायको बेने इस्राएल, तिने फोनवर फोटो बघून सांगितलं, अर्थ असा की याचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो. म्हणाली, फूल नको, खडा ठेव. ठेवला. पोरगा २२ वर्षांचा होता. इंग्लंडचा असावा. त्याच्या आईला तिथवर कधी येता आलं असेल का, हेच डोक्यात घेऊन परत आलो.

खवय्या
माफ करा विषयांतर होतंय, पण इतके बेने इस्राएल लोक एकत्र भेटलेत तर विचारतो. चिकाचा हलवा नारळाच्या दुधात करतात त्यात गहू किती दिवस भिजवायचा?

अष्टमीचा
तीन दिवस, पाणी रोज बदला. आता बाजारचा चिक मिळतो, तो घ्या. ढवळायला मात्र दोन माणसं लागतात.

लोदहून आत्या
मी इस्रायलमध्ये लोदला राहते, जन्म पेणचा. मराठी टाईप हळू होतं, चुका पोटात घाला.
माझा भाऊ १९७३ च्या लढाईत सिनाईत गेला. दरफळणीचा दिवस होता, योम किप्पूर. सगळे मशिदीत, उपासाचे. मुलांना प्रार्थनेतून उठवून न्यायला गाड्या आल्या. आईने त्याला खायला काही बांधूनही दिलं नाही, उपास होता ना. ती पुढे आयुष्यभर तेवढंच म्हणायची, उपाशी गेला.
इथे सैनिकांच्या कबरीवर उशीसारखा दगड असतो सगळ्यांना सारखा. त्यावर आईचं नाव, बापाचं नाव, आणि जन्मला कुठे ते. त्याच्यावर लिहिलंय, जन्म भारत. स्मृतिदिनाच्या आदल्या संध्याकाळी आठला भोंगा होतो, दुसऱ्या दिवशी ११ वाजता परत, दोन मिनिटं. हायवेवर माणसं गाडीतून उतरून उभी राहतात. मी दरवर्षी कबरीजवळ असते. बाजूच्या कबरीचे लोक रशियन, पलीकडचे मोरोक्कोचे. आता सगळे ओळखीचे झालेत. भोंगा संपला की मी त्याच्याशी मराठीत बोलते. मला हिब्रू येते हो, पण त्याच्याशी नाही.

नागावची लेक
आत्या. इथून हात धरलाय तुमचा.

किहीमचा
आमच्या घराशेजारी बेने इस्राएलांचं घर होतं, १९६० च्या दशकात गाव सोडून गेले ते. जाताना आमच्या आजोबांना नवगावच्या स्मशानाकडे लक्ष ठेवा म्हणाले. बेने इस्राएलांच्या पूर्वजांची सात जोडपी जिथे किनाऱ्याला लागली म्हणतात ना, ते नवगाव. आजोबा दर पावसाळ्यानंतर कोयता घेऊन जायचे, मग बाबा, आता मी कधीमधी. स्मारक आहे तिथे. त्या घरातला एक मुलगा दुसऱ्या महायुद्धात गेला होता, त्याचा फोटो भिंतीवर होता असं बाबा सांगतात. फोटो तेव्हाच त्यांच्याबरोबर गेला. नाव बाबांना आठवत नाही, "आमच्यात आट्यापाट्या खेळायचा" एवढंच म्हणतात.

नागावची लेक
एक अडचण आहे, कुणाला माहीत असेल तर सांगा. हसाजींसाठी ठाण्याच्या मशिदीत हश्काबा, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणायची ठरवली. हझ्झान (प्रार्थना चालवणारे) म्हणाले, हिब्रू नाव द्या आणि बापाचं नाव द्या, अमुक बेन अमुक असं म्हणावं लागतं. ताटलीवर फक्त हसाजी आणि आडनाव. हसाजी म्हणजे हिब्रूत काय? घरात सांगणारं कुणी उरलं नाही.

मस्जिद बंदर
ताई, वर माझंच वाचा की! सामाजी हसाजी म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल. इझिकिएल हिब्रूत यहेज्केल, म्हणून हसाजी म्हणजे यहेज्केल.

नागावची लेक
अहो खरंच! आता बाप शोधायचा.

लोदहून आत्या
तुमचं आडनाव मला खासगीत पाठव बाळा. माझ्या सासूकडे नागावची माणसं होती.

जुनी पेटी
तोवर घरातले जुने कागद कुणी फेकू नका. पाकीटसुद्धा.

नागावची लेक
मंडळी, आत्यांच्या सासूबाईंच्या मराठी बायबलात पहिल्या कोऱ्या पानावर घराची वंशावळ निघाली. बोरूने लिहिलेली. मुसाजीचे तीन मुलगे, धाकट्यापुढे 'हसाजी, बसरा' आणि पुढे काही नाही. ना बायको, ना मुलं. आत्यांनी फोटो पाठवलाय. यहेज्केल बेन मोशे.
आज सकाळी हश्काबा झाली. त्याला दहा पुरुष लागतात, तेवढे जमतील की नाही अशी धास्ती होती, चौदा आले. ताटली मी पदराखाली धरून बसले होते. नाव घेतलं तेव्हा हाताला गरम लागत होती.

रास्तापेठी
माझ्या मामाचं नाव पाठवू का?

नागावची लेक
पाठवा ना. किहीमचे दादा, बाबांना पुन्हा एकदा विचारून बघा त्या मुलाचं.
आणि सातारकर दादा, मशिदीतलं माझ्या हातात नाही, पण गुरुवारी घरी मलिदा आहे. एलियाहू हन्नाबीची (आमच्या प्रेषिताची) पोह्यांची परात मांडतो तेव्हा गेलेल्यांची नावं मी घेते. तुमच्या खापरपणजोबांचं नाव काय होतं?