हॅकेथॉनला फुकट मेंटर म्हणून जावं का?

आयटीवाला_ठाणेकर :
स्मार्ट इंडिया हॅकेथॉनचा, म्हणजे कॉलेजच्या पोरांनी ठरलेल्या वेळात एखाद्या प्रश्नावर तांत्रिक उपाय बनवायच्या सरकारी स्पर्धेचा, मोसम आला की आमच्या ऑफिसात एकच वाद पेटतो : मेंटरने, म्हणजे टीमला वाट दाखवणाऱ्या अनुभवी माणसाने, पैसे घ्यावेत की नाही. मी कॉलेजांच्या अंतर्गत फेऱ्यांना बिनपैशाचा जातो. माझं मत, जावं. फक्त कीबोर्डला हात लावू नये. एका टीमने कांदाचाळीसाठी सेन्सर केला होता. ओल वाढली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर सूचना. डॅशबोर्ड झकास! मी विचारलं, "चाळीत वायफाय कुठून आणणार?" सगळे गप्प. मग ज्याच्या घरी चाळ होती तोच म्हणाला, "सर, तिथे फोनलाच रेंज नसते." रात्रीतून त्यांनी वायफाय काढून चाळीच्या दारावर लाल दिवा आणि भोंगा बसवला. मी एक ओळ कोड लिहिला नाही. एवढ्या कामाचे पैसे कसले मागायचे?

कोडबडवा :
साफ असहमत. उलट त्या एका प्रश्नाचेच पैसे असतात. सोमवार ते शुक्रवार तुम्ही क्लायंटकडून तेच तर वसूल करता. मंत्रालयं नि सरकारी कंपन्या प्रॉब्लेम स्टेटमेंट (सोडवायचे प्रश्न) देणार, सॉफ्टवेअरच्या अंतिम फेरीत सहा-सहा पोरं सलग ३६ तास जागणार, जिंकली तर टीमला लाखभर रुपये (हा २०२४ चा आकडा). म्हणजे डोई सोळा-सतरा हजार. हरलेल्यांना प्रमाणपत्र. त्यात आपण अनुभवी माणसंही फुकट पुरवायची? मंडपवाल्याला पैसे, केटररला पैसे, डोकं चालवणाऱ्याला मोमेंटो!

तिसऱ्या_वर्षाची_पोर :
आमचा अनुभव सांगते. मेंटर रात्री अकराला उगवले, म्हणाले "यात ब्लॉकचेन टाका, परीक्षकांना आवडतं." ब्लॉकचेन म्हणजे नोंदी अनेक संगणकांवर, मागाहून कुणाला बदलता येऊ नयेत अशा ठेवायची पद्धत. आमचं ॲप रक्तपेढीतला साठा दाखवायचं. त्यात ब्लॉकचेन कशाला, हे विचारायची आमची टाप नव्हती. पहाटेपर्यंत तेच करत बसलो, लॉगिन मोडलं ते मोडलंच. साहेब मात्र आमच्यासोबत फोटो काढून लिंक्डइनवर "नव्या पिढीला घडवताना" टाकून मोकळे. फुकट आलेल्या माणसाला जाब कोण विचारणार?

कोडबडवा :
+१. हेच म्हणतोय. पैसे दिले की जाबही विचारता येतो.

मास्तर_तालुक्याचे :
मुंबई-पुण्यात बसून हे ठीक आहे हो. आमच्याकडे कॅम्पसला कंपनी फिरकत नाही. चालू नोकरीतला इंजिनिअर पोरं पहिल्यांदा बघतात ती या मेंटरच्या रूपात. एक सांगतो. टीममध्ये निदान एक मुलगी हवी असा स्पर्धेचा नियम आहे. तो सगळे पाळतात आणि तिच्याकडे पीपीटी देऊन मोकळे होतात. मी बोलून थकलो, पण पिकतं तिथे विकत नाही. बाहेरून आलेल्या एका बाईंनी टीमची कमिट हिस्टरी, म्हणजे कोणता कोड कुणाच्या खात्यातून आला याची नोंद, उघडली. सगळं एकाच मुलाच्या नावावर! डेटाबेसच्या क्वेरी तर त्या मुलीने लिहिलेल्या, पण त्याच्या लॅपटॉपवर बसून. बाईंनी तिथल्या तिथे तिला स्वतःचं खातं उघडायला लावलं आणि पुढच्या फेरीत डेटाबेसवरचे प्रश्न तिलाच विचारले. मानधनाची अट असती तर त्या आमच्या गावापर्यंत आल्याच नसत्या, कारण कॉलेजने ते दिलंच नसतं.

आयटीवाला_ठाणेकर :
@कोडबडवा, पैसे देणार कोण याचाही विचार करा. कॉलेजांची तऱ्हा मास्तरांनी सांगितलीच. म्हणजे उरला प्रायोजक. त्याचा माणूस आला की प्रत्येक टीमला त्याच्याच कंपनीचं क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर) घ्यायला लावेल. बिनपैशाचा माणूस निदान कुणाचा मिंधा नसतो. ब्लॉकचेनवाल्यांचं समर्थन मात्र नाही. टीमने मेंटरला गुण द्यावेत आणि पुढच्या वर्षी ते बघूनच बोलवावं.

कोडबडवा :
गुण देण्याची कल्पना मान्य. पण "मिंधा नसतो" हे काही पटत नाही. लिंक्डइनवरच्या टाळ्यांचा मिंधा असतोच की! आणि मानधन राहू द्या, एसटीचं भाडं, रात्री टेकायला एक खोली? ते मागायला कसली लाज?

मास्तर_तालुक्याचे :
भाड्याचं प्राचार्यांकडे काढून बघतो. गेल्या वर्षी उद्घाटनाच्या शाली-श्रीफळांवर जेवढा खर्च झाला त्याहून कमीच होईल.