मदत हवी आहे : तोरणमाळची पानगळ फोटोत उतरत नाही
मंडळी, रविवारी पहाटेच शहाद्याहून तोरणमाळ गाठलं. सागाची पानगळ ऐन भरात. बूट टेकला की पापड मोडल्यासारखा आवाज. मधूनच पळस पेटलेला. फोटोत मात्र फुलं म्हणजे नुसता केशरी गोळा, पाकळी म्हणून दिसत नाही. यशवंत तलावामागचा डोंगर तर धुरकट पांढरा! एक्स्पोजर एक स्टॉप खाली (म्हणजे उजेड निम्मा) आणलं तर फुलं सावरली, पण साग काळाठिक्कर. (कॅमेरा जुना, लेन्स १८-५५ मिमी.)

पानांवरची चकाकी मारायला पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) घ्यावा का? की सूर्य समोर ठेवून पानातून झिरपणारा उजेड धरू? भोंगऱ्या बाजाराआधी (होळीआधीचा आदिवासी बाजार) पुन्हा जायचंय, नंतरचं ऊन आपल्याला ठाऊकच आहे. जळगाव जिल्ह्यातल्या पाल-यावलकडे बरी जागा असेल तर तेही सांगा.