मदत हवी आहे: पणजोबांचे स्कॉटिश फ्रीमेसन लॉज कसे शोधावे?

पणजोबांच्या पेटीत फ्रीमेसनांचा (फ्रीमेसन ही एक जुनी बंधुसंघटना, तिची स्थानिक शाखा म्हणजे लॉज) ॲप्रन आणि एक पदक मिळाले. पदकावर गुण्या-कंपास, 1913 साल आणि 'एस.सी.' ही अक्षरे आहेत. लॉजचे नाव व क्रमांक झिजून गेलेत. एस.सी. म्हणजे 'स्कॉटिश कॉन्स्टिट्यूशन', म्हणजे स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजखालचे (तिथल्या लॉजांच्या मुख्य संस्थेखालचे) लॉज. ॲप्रनचा वरचा दुमडलेला भागही गोल आहे, इंग्लिश ॲप्रनसारखा त्रिकोणी नाही, त्यामुळे स्कॉटिश लॉजबद्दल मला शंका नाही. किनार गडद हिरवी आहे. स्कॉटिश लॉज आपापले रंग ठरवतात, म्हणून हा धागा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

पणजोबा तेव्हा मुंबईत नोकरीला होते. स्कॉटिश डॉक्टर व फ्रीमेसन जेम्स बर्न्स यांनी 1843 मध्ये भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून स्थापलेले 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज आधी डोळ्यांसमोर आले, पण ते मुख्यतः पारशी मंडळींमुळे ओळखले जाते आणि आम्ही मराठी. नुसत्या अंदाजावर नाव लिहायचे नाही.

इंग्लंडच्या ग्रँड लॉजची 1921 पर्यंतची सभासद नोंदणी ऑनलाइन पाहिली. तिथे नाव नाही, आणि स्कॉटिश लॉज तिथे असणारही नाहीत. घरात प्रमाणपत्र किंवा पत्रव्यवहार नाही. मी नागपूरला असतो, मुंबईला वारंवार जाणे जमणार नाही. वस्तू विकायच्या नाहीत, किंमतही नको.

मुंबईच्या स्कॉटिश लॉजांची 1913 च्या सुमाराची सभासद-नोंद आज एडिनबरोच्या स्कॉटिश ग्रँड लॉजकडे मागावी की मुंबईच्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये? आणि गडद हिरवी किनार तेव्हा मुंबईत कोणत्या लॉजची होती?