अलंगच्या फोटोतली नौका ‘विराट’च कशावरून?

पांदणवाट (मेहकर):

आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर गुजरातेतल्या अलंगच्या किनाऱ्याचा एक सॅटेलाइट फोटो आला. भंगारात निघालेली जहाजं ओळीनं चिखलात रुतलेली आणि त्यांत एक सपाट डेकची लांबच लांब नौका. पाठवणाऱ्यानं खाली लिहिलं, ‘आपली विराट’, म्हणजे नौदलातून निघालेली आपली विमानवाहू नौका. दुसऱ्यानं लगेच हाणलं, ‘वरून नाव वाचता येते काय?’ पुढं विषय बदल्यांवर गेला, तो आमच्याकडं कुठूनही तिथंच जातो. मला हा अर्धवट सोडवेना, म्हणून इथं मांडतो.

माझं म्हणणं असं की जुनी युद्धनौका वरून घेतलेल्या फोटोवर ओळखता येते, आणि तीही नावानिशी. त्यासाठी समुद्रकाठी जन्मावं लागत नाही. विराटची लांबी 226 मीटर, जुन्या विक्रांतची 213. चांगल्या व्यावसायिक सॅटेलाइटच्या फोटोत आज एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण 30 सेंटिमीटर. म्हणजे या दोघींमधला 13 मीटरचा फरक चाळीसेक ठिपक्यांचा झाला. गूगल अर्थची मोजपट्टी लावली की तो दिसतोच. शिवाय विमानवाहू नौकेला लपायला जागा नसते. उजव्या अंगाला मनोरा, डावीकडं तिरपा सरकलेला डेक, पुढच्या टोकाला विमान उडवायला वर वळलेली स्की-जंप.

दुसरा मुद्दा उरलेल्यांचा. विराट मूळची ब्रिटिश ‘हर्मीस’. त्या क्लासच्या, म्हणजे त्याच आराखड्याच्या, चारच नौका बांधल्या गेल्या आणि बाकीच्या तिघी 1984 पर्यंत भंगारात गेल्या. 28 सप्टेंबर 2020 ला अलंगला किनाऱ्यावर चढवलेली या क्लासची नौका दुसरी असणार कोणती?

आणि ही काही आजकालची टूम नाही. 21 मे 1941 ला मायकेल सकलिंग या ब्रिटिश वैमानिकानं नॉर्वेत बर्गनजवळच्या खाडीवरून उडत फोटो काढले, त्यावरून ‘बिस्मार्क’ ही जर्मन युद्धनौका सापडली. तीनच दिवसांनी समुद्रात समोरासमोर गाठ पडली, तेव्हा ब्रिटिशांच्या ‘हूड’नं पहिल्यांदा तोफा डागल्या त्या बिस्मार्कवर नाही, तिच्या सोबतच्या ‘प्रिन्झ ऑयगेन’ या क्रूझरवर, म्हणजे लहान युद्धनौकेवर. बाजूनं दोघींची आकृती सारखी दिसते ना! वरून पाहिलं तर एक 251 मीटरची, दुसरी 212. समुद्रावरच्या खलाशांपेक्षा आकाशातला कॅमेरा बरा ठरला.

पऱ्हाटीवाला (दारव्हा):

सर, तुमचं सारं खरं आसन. पन मले एक सांगा. माह्या वावरात सोयाबीन हाये का तूर, हे त्या सॅटेलाइटले समजत नाही. पीकविम्याच्या वक्ती म्हनतात वरून पाह्यलं, नुकसान दिसत नाही. अन् तुमी म्हनता आठशे-हजार किलोमीटरवरच्या भंगारातल्या जहाजाचं नाव सांगतो. लोखंडाचं नाव समजते अन् पिकाचं नाही, हे कसं काय बावा?

कॉलेजकट्टा (नागपूर, मूळ दर्यापूर):

भाऊ, ते दोन वेगळे फोटो आहेत. पिकासाठी बहुतेक वेळा सेंटिनेल-2 सारख्या सॅटेलाइटचं फुकट मिळणारं चित्र वापरतात. त्याचा एक ठिपका 10 मीटरचा. त्यात 213 मीटरची विक्रांत म्हणजे एकवीस ठिपक्यांची रेघ, आणि विक्रांत-विराटमधला फरक जेमतेम एका ठिपक्याचा. त्या चित्रावर सरांचीही पट्टी चालणार नाही. उलट पीक ओळखायला बारीक ठिपका लागतोच असं नाही. पेरणीपासून कापणीपर्यंत रंग कसकसा बदलला ते पाहावं लागतं, आणि ऐन सोयाबीनच्या दिवसांत वर ढग. अलंगला जहाज महिनोन्‌महिने जागचं हलत नाही. ढग सरकला की फोटो घ्या.

आणि सर, नुसत्या लांबीवर जाऊ नका, सावलीही पाहा. फोटोची तारीख-वेळ कळली की त्या जागी सूर्य किती वर होता ते निघतं, आणि सावलीच्या लांबीवरून डोलकाठीची उंची काढता येते. फोटो तिरपा घेतलेला असेल तर जहाजाची एक बाजूही दिसते. हात बसवायचा असेल तर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरची ‘कुरसुरा’ पाणबुडी मोजा. वाळूवर अख्खी उघडी ठेवलेली आहे, सुमारे 91 मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद. तिच्यावर तुमची पट्टी किती चुकते ते आधी पाहा, मग अलंगला जा.

निवृत्त मोजणीदार (वाशीम):

मास्तर, आमच्या खात्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवत. नकाशा हातात आहे म्हणून शेताचा धुरा, म्हणजे बांध, सापडला असं समजायचं नाही. मोका पाहायचा, कब्जेदाराला विचारायचं, जुना टिपण काढायचा. तुम्ही मोका न पाहताच सातबाऱ्यावर नाव चढवायला निघालात.

तुमच्या पट्टीत दोन भोकं आहेत. अलंगला जहाज मोठ्या भरतीला, पुढचं टोक किनाऱ्याकडं करून चढवतात. तोडायला सुरुवातही पुढूनच होते. त्यामुळं तिथं पडलेलं जहाज दर महिन्याला आखूड होत जातं. तुम्ही आज 180 मीटर मोजाल, दिवाळीनंतर 140. ज्या स्की-जंपवर तुमची भिस्त, ती सगळ्यांत आधी जाते. तोफा, रडार तर बहुधा नौदलानं त्याच्या आधीच उतरवून घेतलेले असतात. राहते ती रुंदी, तीही मागच्या भागाची. तिच्याबद्दल तुम्ही अक्षर लिहिलं नाही.

दुसरं, ‘उरलेल्यांचा’ हिशोब. 2004 साली याच अलंगला ब्राझीलची ‘मिनास झेराइस’ तोडायला आली. तीही दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बांधणीची हलकी विमानवाहू नौका, लांबी 212 मीटर. तुमची विक्रांत 213. आता लावा पट्टी. विक्रांत अलंगला गेलीच नाही, ती 2014 च्या नोव्हेंबरपासून मुंबईत दारुखान्याला तुटली. पण हे तुम्हाला फोटो सांगत नाही, कागद सांगतो.

आणि बिस्मार्कचं तुम्ही अर्धंच सांगितलं. त्या फोटोवरून ब्रिटिशांनी काढलेला निष्कर्ष होता, बिस्मार्क क्लासची एक युद्धनौका आणि हिपर क्लासची एक क्रूझर. क्लास! प्रिन्झ ऑयगेन हे नाव फोटोत नव्हतं.

पांदणवाट:

मोजणीदारसाहेब, आखूड होण्याचा मुद्दा मान्य, म्हणूनच मी जुन्या तारखांचे फोटो मागं-मागं सरकवत पाहतो. जहाज पहिल्यांदा आलं त्या तारखेचा फोटो मिळाला की लांबी पूर्ण असते. आणि रुंदी म्हणाल तर विक्रांतची 39 मीटर, विराटची जवळपास 49. एवढा फरक शेवटच्या तुकड्यातसुद्धा कळेल.

‘क्लासच कळतो, नाव नाही’ ही सबब मात्र मला पटत नाही. अमेरिकेच्या विमानवाहू नौकांच्या डेकवर नंबरच रंगवलेला असतो, वैमानिकाला वरून दिसावा म्हणून, आणि तो आपल्यालाही दिसतो. नंबर नसेल तिथं जागा सांगते. आयोवा क्लासच्या चार युद्धनौका वरून हुबेहूब, पुढं दोन आणि मागं एक असे तोफांचे तीन टरेट (फिरते बुरूज), लांबी 270 मीटर. पण आज चारही संग्रहालयं आहेत आणि चार वेगळ्या गावांत. पर्ल हार्बरला बुडालेल्या ‘अ‍ॅरिझोना’च्या स्मारकाजवळ उभी आहे ती ‘मिझुरी’. यात शंका कसली?

निवृत्त मोजणीदार:

आज शंका नाही. 1992 ते 1998 या काळात ‘मिझुरी’ आणि ‘न्यू जर्सी’ दोघी अमेरिकेतल्या ब्रेमर्टनच्या एकाच गोदीत राखीव ताफ्यात होत्या. त्या काळातला वरचा फोटो समोर ठेवतो. सांगा, डावी कोणती नि उजवी कोणती? नंबर 63 आणि 62, पण तो नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, बाजूला रंगवलेला, डेकवर नाही. तुम्ही ‘जागा सांगते’ म्हणता, म्हणजे ओळख जागेच्या नोंदीनं पटली. फोटोनं फक्त नोंदीशी विसंगत काही नाही एवढं दाखवलं. हे काही कमी नाही, पण तुम्ही पहिल्या वाक्यात दावा केलात तेवढंही नाही.

जुना खलाशी (मोर्शी):

नोकरीत उमर समुद्रावर गेली, आता संत्र्याच्या बागेत आहे. मोजणीदारांच्या बाजूनं बोलतो, आणि तुम्हा दोघांना एक उदाहरण देतो.

तीच प्रिन्झ ऑयगेन. युद्ध संपल्यावर अमेरिकेनं ती घेतली, 1946 मध्ये पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांच्या अणुचाचण्यांत उभी केली. दोन्ही स्फोटांतून ती तरंगत राहिली. मग क्वाजालेन बेटाला ओढत नेली, पाणी भरत गेलं आणि डिसेंबरमध्ये उलटली. आजही उथळ पाण्यात उलटी पडलेली आहे, मागचं टोक वर निघालेलं, आणि सॅटेलाइटच्या फोटोत सहज दिसते. आता मास्तर, डेक खाली, टरेट खाली, मनोरा खाली. वरून दिसतो तो नुसता तळ. तळावरून तुम्ही काय ओळखाल? एखादी मोठी लांबुळकी नौका, एवढंच. तरी जगात कोणालाही तिच्या नावाबद्दल शंका नाही, कारण ती कोणी, कधी, कुठून ओढत आणली याची लेखी नोंद आहे.

आणि मुद्दाम फसवणारेही असतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ‘सेंच्युरियन’ ही म्हातारी युद्धनौका लाकूड-कापडाचे खोटे मनोरे चढवून नव्या ‘अ‍ॅन्सन’सारखी सजवली होती. वरून उडणाऱ्यानं तिला अ‍ॅन्सन समजावं म्हणूनच. पट्टीवाला तिथं काय करणार?

कॉलेजकट्टा:

काका, तिथंच पट्टी कामाची! कापडानं मनोरा वाढवता येतो, जहाजाची लांबी वाढवता येत नाही. सेंच्युरियन अ‍ॅन्सनपेक्षा चांगली पंचेचाळीसेक मीटरनं आखूड होती.

जुना खलाशी:

बेटा, मोजायला सवड आणि स्वच्छ फोटो असेल तर. शत्रूचा वैमानिक ढगातून क्षणभर पाहतो नि पळतो. पण ठीक, हा गुण तुला दिला.

सावधान_बुवा (पुलगाव):

मला वेगळीच काळजी आहे. आम्ही दारूगोळ्याच्या डेपोच्या गावचे, आम्हाला विचारा फोटोचं काय ते. असल्या गोष्टी चव्हाट्यावर मोजत बसू नये. 1984 मध्ये अमेरिकेतल्या सॅम्युअल मॉरिसन या नौदलाच्या विश्लेषकानं बांधकामावर असलेल्या सोव्हिएत विमानवाहू नौकेचे गुप्त सॅटेलाइट फोटो एका संरक्षण साप्ताहिकाला दिले, त्याला तुरुंगात जावं लागलं.

पांदणवाट:

बुवा, त्यानं सरकारी गुप्त फोटो बाहेर दिले. मी भंगारवाल्याच्या किनाऱ्याचा, कोणालाही दिसणारा फोटो पाहतोय, आणि तोही सेवेतून निघालेल्या जहाजाचा. चालू गोदीतली, आज पाण्यावर असलेली नौका कुठं उभी आहे हे कोणी इथं टाकलं तर मी स्वतः तक्रार करीन. तेवढी लाज आहे.

आता मोजणीदारसाहेबांना. ब्रेमर्टनच्या डावी-उजवीचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि नुसत्या फोटोवरून ते कोणाकडंच नसणार. पण अलंगच्या फोटोवर मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. तारीख 2020 च्या ऑक्टोबरातली, रुंदी विराटशी जुळते, जागा जुळते आणि त्या क्लासची दुसरी नौका जगात शिल्लक नाही. चार गोष्टी एकाच नावाकडं बोट दाखवत असतील तर त्यालाच ओळख पटणं म्हणतात. पोलीस पंचनाम्यातही याहून जास्त काही नसतं.

निवृत्त मोजणीदार:

विराट आहे हे मी कधी नाकारलंच नाही. तुमच्या चारपैकी तारीख, जागा आणि ‘दुसरी शिल्लक नाही’ या तिन्ही गोष्टी कागदाच्या. फोटोची एकच, रुंदी. फोटोखाली ‘ओळखली’ लिहू नका, ‘नोंदीवरून ठरवली, फोटोशी जुळते’ असं लिहा. पोरं तुमच्याकडून शिकतात.

पऱ्हाटीवाला:

मोजणीदारसाहेब, तुमचं पटलं. नोंद मोठी, फोटो मांगून. मंग माह्या वावराची बी नोंद हाये, ई-पीक पाहणीत सोयाबीन लिवलं हाये, तलाठ्यानं पंचनामा केला हाये. तिथं काहून फोटो खरा अन् नोंद खोटी?

निवृत्त मोजणीदार:

याचा वेगळा धागा काढा. पंचनाम्याची नक्कल, गट नंबर आणि ज्या तारखेचा फोटो त्यांनी धरला ती तारीख, एवढं जवळ ठेवा. मी येतो तिथं.