सीनियर केजी पुन्हा करावं का? (शाळा बदलायची नाही)

सिंहगडरोड: मुलगा डिसेंबरअखेरचा. ३१ डिसेंबरला सहा पूर्ण होतात, म्हणजे जूनमध्ये नियमाने पहिलीत बसतो, पण वर्गात सगळ्यांत लहान. गोष्टी धडाधड सांगतो, लिहायला बसवलं की रडारड. बाई म्हणतात सीनियर केजी परत करा. शाळा घराजवळ आहे, बदलायची नाही. काय करू?

कोथरूडी: भाच्याला रिपीट केलं, आता वर्गात पहिला. बिनधास्त करा. आधी शाळा मात्र बदला.

आजी_ऑनलाइन: आमच्या वेळी डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरता आला की पहिली. केजीबिजी काही नव्हतं. अडलं का कुणाचं?

कायदेपंडित: पहिलीत टाका. आठवीपर्यंत नापास करतच नाहीत.

निवृत्त_गुरुजी: ते जुनं झालं. २०१९ साली आरटीईत, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यात, दुरुस्ती झाली. आता आपल्याकडे पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाला तर फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. पण ते सगळं पहिलीच्या पुढचं, केजीला हा कायदा नाही. थांबवायचं असेल तर आत्ताच थांबवा. एकदा पहिलीत सरकारी ऑनलाइन नोंदीत नाव चढलं की मागे येणं किचकट.

कायदेपंडित: मग मी वेगळं काय म्हणालो? चौथीपर्यंत कोण अडवतंय?

बदलीवाला: रिपीटच करा. केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात, डिसेंबरचं मूल तिथे बसतच नाही. उद्या बदली झाली तर?

सिंहगडरोड: माझी नोकरी बदलीची नाही.

बदलीवाला: आज नाही.

चष्मिष्ट: डोळे तपासले का? आमच्या मुलीला आळशी म्हणत होते, तिला फळाच दिसत नव्हता. पेन्सिलची पकडही बघा. बोटांत जोर नसेल तर कणीक मळायला द्या, कात्रीने कागद कापायला द्या. फरक पडला नाही तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा. या वयात डिसलेक्सियाचा शिक्का मात्र कुणाला मारू देऊ नका, त्याचं निदान साधारण सात-आठ वर्षांआधी पक्कं करत नाहीत.

कोथरूडी: रिपीटच करा. भाचा बघा माझा.

सिंहगडरोड: सगळ्यांचे आभार. डोळ्यांचा नंबर निघाला, चष्मा केला. पहिलीतच घालतोय. वाचन ठीक आहे, अडतं ते लिहिण्यात. तेवढ्यासाठी त्याच गोष्टी, तीच गाणी वर्षभर परत ऐकवायची हे पटलं नाही. पहिलीच्या बाईंनी दिवाळीपर्यंत तोंडी जास्त घ्यायचं कबूल केलंय.

निवृत्त_गुरुजी: कबूल केलंय ते लेखी घ्या.

कोथरूडी: शाळा कुठली बघितली मग?