सोसायटीच्या झाडांवरच्या बगळ्यांच्या घरट्यांची हंगामभर नोंद कशी ठेवावी?

खाडीकाठ (मुलुंड पूर्व)

आमच्या आवारात दोन जुने वर्षावृक्ष आणि एक पिंपळ आहे. पाऊस लागला की त्यांवर घरटी होतात. वंचक (पाँड हेरॉन, तपकिरी पाठीचा बगळा) सगळ्यांत जास्त, मग गायबगळे, छोटे बगळे, थोडे रातबगळे, आणि शेंड्याकडे छोटे पाणकावळे. यंदा मे ते ऑक्टोबर पद्धतशीर नोंद ठेवायची आहे: घरटी किती, पिल्लं किती निघाली, किती उडाली. हाताशी ८×४२ची दुर्बीण, तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्याची खिडकी आणि समोरच्या विंगची गच्ची आहे.

नेटवर शोधलं तर जे सापडतं ते जवळजवळ सगळं अमेरिकेतल्या ग्रेट ब्लू हेरॉनच्या वसाहतींबद्दल. ते इथे कितपत लागू पडतं? किती दिवसांनी पाहावं? आणि पानांच्या गर्दीत कुठलं घरटं कुठलं, हे दोन महिने लक्षात कसं ठेवायचं?

पाणथळ

ती माहिती चुकीची नाही, पण तिची घडी वेगळी आहे. ग्रेट ब्लू हेरॉन हा आपल्या राखी बगळ्याचा जवळचा भाऊबंद. थंड प्रदेशात तो फेब्रुवारी-मार्चमध्ये वसाहतीवर परततो, तेव्हा झाडं निष्पर्ण असतात आणि पालवी फुटायच्या आत घरटी मोजून होतात. अंडी बहुधा ३ ते ५, उबवायला सुमारे चार आठवडे, पिल्लं घरट्यात साधारण दोन महिने. एकच जात, मोठं घरटं, उघडं झाड.

तुमच्याकडे सगळं उलटं आहे. झाड भर पानांत, पाच जाती एकाच फांदीवर, आणि सुरुवात प्रत्येकाची वेगळी. जुलैच्या मध्यावर एका घरट्यात पिल्लं ओरडत असतील आणि हातभर अंतरावर दुसरी जोडी पहिली काटकी लावत असेल. म्हणून 'वसाहत सध्या कुठल्या टप्प्यावर आहे' हा प्रश्नच सोडून द्या. वहीत प्रत्येक घरट्याला स्वतंत्र ओळ हवी. पक्षी मोजायचा मोह होतो, पण पक्ष्यांच्या आकड्यातून हंगामाबद्दल फार थोडं कळतं.

मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, घरटी नसतानाच, दोन्ही जागांवरून झाडांचे फोटो काढा. ए-४ वर छापून जाड फांद्यांना अक्षरं द्या: क, ख, ग. मग घरटं दिसेल तसा क्रमांक: क१, क२. मोडलेल्या घरट्याचा क्रमांक नव्याला कधीही देऊ नका, नाहीतर ऑगस्टमध्ये वहीचा अर्थ लागत नाही. फोटो दर वेळी त्याच जागेवरून, तेवढ्याच झूमने. खिडकीच्या चौकटीवर दोन खुणा करून ठेवल्या की काम होतं. खिडकीतून दिसणारी घरटी आणि गच्चीवरून दिसणारी घरटी यांची सरळ बेरीज करायची नाही. फांदीचं अक्षर जुळवून एकच घरटं दोनदा येत नाही याची आधी खात्री करा.

अंतर ५ ते ७ दिवसांचं ठेवा. अंडी उबवायला या सगळ्या बगळ्यांना साधारण तीन ते पावणेचार आठवडे लागतात, त्यामुळे आठवड्याने पाहिलं तरी टप्पा हुकत नाही. पिल्लं दोन आठवड्यांची झाली की मात्र आठवड्यातून दोनदा पाहा. तीन आठवड्यांच्या सुमारास ती घरटं सोडून आजूबाजूच्या फांद्यांवर चढायला लागतात, आणि एकदा चढली की कोण कुणाचं हे सांगणं अवघड.

प्रत्येक ओळीत टप्पा आकड्यात लिहा. ० रिकामं, १ बांधकाम किंवा प्रणय, २ पक्षी बसलेला, ३ पिसं न फुटलेली पिल्लं, ४ पिसं फुटलेली, ५ फांदीवर आलेली. पिल्लांचा आकडा दिसला तरच लिहायचा. 'निदान २' आणि 'नक्की २' या वेगळ्या नोंदी आहेत.

अंडी फुटलीत हे वरून क्वचितच दिसतं. खूण अशी: बसलेला पक्षी मध्येच उठून काठावर उभा राहतो, मान वाकवून खाली पाहतो, चोच आत घालतो. दुसरी खूण जमिनीवर. निळसर हिरव्या कवचाचे अर्धे तुकडे झाडाखाली सापडतात. पिल्लू बाहेर पडलेलं कवच मधोमध, जवळजवळ गोल कापल्यासारखं असतं आणि आतून कोरडं. कावळ्याने फोडलेल्याला वेडंवाकडं भोक असतं, आत बलक चिकटलेला. तारीख आणि तुकडे कुठल्या फांदीखाली पडले ते लिहा, तुकडे तिथेच राहू द्या.

वही साधी, पेन्सिल मऊ. शाईचं जुलैत काय होतं ते मुंबईत सांगायला नको. दुर्बीण एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढली तर दहा मिनिटं काचेवर वाफ धरून राहते. हंगामभर ती एसीबाहेर, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बुरशीही लागणार नाही.

भांग_उधाण

वरच्या प्रतिसादाला एक जोड. 'दर रविवारी सकाळी ७' असं ठरवलंत तर निम्म्या नोंदी एकमेकींशी ताडता येणार नाहीत. तुमचे छोटे बगळे आणि बरेचसे वंचक ठाणे खाडीच्या चिखलावर चरणार, आणि चिखल उघडा पडतो ओहोटीला. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला सुकती (ओहोटीचं पाणी सगळ्यांत खाली असण्याची वेळ) सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास असते, अष्टमीला ती दुपारी बाराच्या आसपास सरकते. म्हणजे अमावास्येच्या रविवारी सातला घरट्यावर एकच पक्षी, जोडीदार खाडीवर. पुढच्या रविवारी त्याच वेळेला भरती, दोघंही झाडावर. वहीत पक्षी दुप्पट, प्रत्यक्षात काहीच वाढलेलं नाही.

तेव्हा भरती-ओहोटीच्या तक्त्यातली त्या दिवसाची सुकतीची वेळ ओळीच्या सुरुवातीला लिहा. पिल्लांना भरवणं पाहायचं असेल तर सुकतीनंतरचे दीड-दोन तास धरा, पालक तेव्हा पोट भरून परततात. गायबगळ्यांना हा नियम नाही, ते गवतावर आणि कचऱ्याच्या ढिगांवर चरतात. रातबगळ्यांची ये-जा तिन्हीसांजेला सगळ्यांत चांगली दिसते, पण टॉर्च किंवा फ्लॅश अजिबात नको.

भरवताना दुर्बीण स्थिर धरून पाहा. बगळ्याचं पिल्लू पालकाची चोच आडवी, कात्रीत धरल्यासारखी पकडून खाली ओढतं आणि पालक मासे ओकतो. पाणकावळ्याचं पिल्लू पालकाच्या घशात डोकंच घालतं. पानाआड घरटं अर्धंच दिसत असेल तर एवढ्यावरूनही घरटं कुणाचं ते ठरतं.

गणिती_बक

घरटं रिकामं दिसलं की 'उडाली' असं लिहून मोकळं होऊ नका. बगळे शेजाऱ्याच्या काटक्या बेधडक चोरतात. अंडी गेलेलं, राखण नसलेलं घरटं दोन-चार दिवसांत अदृश्य होऊ शकतं. नियम करा: त्या क्रमांकाची शेवटची नोंद ४ किंवा ५ असेल आणि मधले दिवस पिल्लांच्या वयाशी जुळत असतील, तरच यशस्वी. शेवटची नोंद २ असेल आणि आता काहीच नाही, तर ते गेलं. मधलं काही असेल तर 'अनिश्चित', आणि तो रकाना रिकामा न ठेवता तसं लिहा.

दुसरी गोची टक्केवारीची. ३० घरट्यांपैकी २० यशस्वी, म्हणजे ६७ टक्के, हा हिशेब फुगलेला असतो. जी घरटी तुम्हाला पिल्लं ओरडायला लागल्यावर सापडली ती आधीच निम्मी परीक्षा पास झालेली असतात. जी पहिल्या आठवड्यात पडली ती तुमच्या यादीत येतच नाहीत. त्यावर मेफिल्ड या पक्षीअभ्यासकाची पद्धत आहे, गणित शाळेतलं. प्रत्येक घरटं किती दिवस तुमच्या नजरेखाली होतं ते मोजा आणि सगळ्यांची बेरीज करा. समजा बेरीज ४०० घरटे-दिवस आली आणि त्या काळात ४ घरटी गेली. एका दिवसात घरटं जाण्याचा संभव ४ भागिले ४००, म्हणजे ०.०१; टिकण्याचा ०.९९. उबवण्याचे २२ दिवस धरले तर ०.९९ चा २२ वा घात, सुमारे ०.८०. पुढचे पिल्लांचे दिवस धरून ४५ केले तर ०.६४. घरटं दोन भेटींच्या मध्ये कधीतरी गेलं असेल तर मधला दिवस धरायचा. अंड्यांचा काळ आणि पिल्लांचा काळ यांचे हिशेब वेगळे करा, कारण धोके वेगळे असतात.

आणि पिल्लं कमी झाली की लगेच कावळ्याला दोष देऊ नका. बगळे पहिल्या एक-दोन अंड्यांपासूनच उबवायला बसतात, अंडी मात्र एक-दोन दिवसांच्या अंतराने येतात. म्हणून पिल्लं एका मापाची नसतात. थोरलं आधी चोच पकडतं, धाकटं उपाशी राहतं. सलग दोन दिवस झोडपून पाऊस झाला आणि पालकांना चरता आलं नाही की धाकटंच आधी जातं. असे दिवस पावसाच्या मिलिमीटरसह वहीत असले पाहिजेत.

खाडीकाठ (मुलुंड पूर्व)

खूपच उपयोगी, सुकतीचा मुद्दा डोक्यातच नव्हता. आता व्यवहारातलं विचारतो. कमिटीत दरवर्षी दोन तक्रारी येतात: गाड्यांवरची शीट आणि वास. 'पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत' फांद्या उडवायची मागणी आहे. शिवाय जोराच्या वाऱ्यात पिल्लं खाली पडतात आणि सगळे वॉचमनकडे धावतात. काय करावं?

आवारातली_झाडं

छाटणी आधी. मुंबईत खासगी आवारातल्या झाडालाही १९७५ चा राज्याचा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे. फांदी तोडायची परवानगी महापालिकेच्या उद्यान विभागाकडून, म्हणजे तुमच्याकडे टी वॉर्डातून घ्यायची. घरटी झाली की त्यावर आणखी एक कायदा येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच जंगली पक्ष्यांच्या अंड्यांचं नुकसान आणि अंडी-घरटी विस्कटणं धरलेलं आहे. परवानगीचा कागद हातात असला तरी घरट्याची फांदी तोडता येत नाही. कमिटीला हे तोंडी नव्हे, लेखी द्या. धोकादायक, वाळक्या फांद्यांचं काम एप्रिलमध्येच उरका. त्याच वेळी झाडात अडकलेला संक्रांतीचा मांजा काढून घ्या. पिल्लांच्या पायांना आणि पंखांना तो सगळ्यांत वाईट.

शीट झाडाखालच्या ठरावीक पट्ट्यातच पडते. तुमच्या नकाशावरून तो पट्टा आखता येईल, जून ते सप्टेंबर तेवढ्या जागा पार्किंगमधून वगळा. घरट्यांखाली नायलॉनची जाळी ताणू नका, पडलेली पिल्लं तिच्यात अडकून मरतात. गाडीवरची शीट त्याच दिवशी भरपूर पाण्याने भिजवून काढायची. वाळल्यावर फडक्याने घासली तर रंगावर ओरखडे येतात. जमिनीवरची कोरडी शीट झाडूने उडवू नका, त्यातली बुरशी श्वासात जाऊ शकते. आधी पाणी, मग खराटा, झाडणाऱ्याला मास्क. वासाचं अर्धं कारण शीट नसून खाली पडलेले, ओकलेले मासे असतात. झाडाखाली गर्दी केली, फटाके वाजवले, डबे बडवले की घाबरलेली पिल्लं पोटातलं ओकून टाकतात. म्हणजे हाकलायला गेलं की वास वाढतो, आणि पालक उठले की त्या दोन मिनिटांत कावळा अंडं उचलतो.

पडलेलं पिल्लू: खाली पडलेल्याला पालक सहसा भरवत नाहीत, त्यामुळे 'आई येईल' म्हणून सोडून देणं बरोबर नाही. पिसं पूर्ण फुटलेली असतील आणि पाय फांदी घट्ट धरत असतील तर त्याच झाडाच्या हाताला येईल त्या फांदीवर ठेवून लांबून पाहा, काही पिल्लं चढत वर जातात. लव असलेलं, भिजलेलं किंवा जखमी असेल तर उचलायचं. उचलताना चोच तुमच्या डोळ्यांकडे येते, म्हणून डोक्यावर टॉवेल टाका, पंख अंगालगत मिटवून धरा आणि तोंड लांब ठेवा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरडं कापड घाला, वर झाकण. दूध, पाव, पाणी काहीही चोचीत घालायचं नाही. मग वनखात्याची हेल्पलाइन १९२६. हा नंबर आणि खोकं वॉचमनच्या केबिनमध्ये जूनपासूनच असू द्या.

पाणथळ

छाटणीचं पत्र मार्चमध्येच द्या. मेमध्ये दिलंत तर कंत्राटदार नेमका पहिल्या काटक्या लागल्यावर येतो.

ओळखीची एक अडचण राहिली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घरट्याबाहेर आलेल्या गायबगळ्याच्या पिल्लाची चोच काळी असते, पिवळी नंतर होते. काळी चोच पाहून भराभर 'छोटा बगळा' लिहिलं जातं. चोचीची जाडी आणि गळ्याखालचा फुगीरपणा पाहा: गायबगळ्याची चोच आखूड, हनुवटी भरलेली, मान बुटकी. वंचक आणि रातबगळा यांच्या पिल्लांतही गल्लत होते. रातबगळ्याच्या पिल्लाच्या तपकिरी पाठीवर आणि पंखांवर पांढरे ठिपके असतात. वंचकाच्या अंगावर ठिपके नाहीत, मानेवर-छातीवर रेघा असतात, आणि पंख उघडला की पांढराशुभ्र दिसतो. खात्री नसेल तर पंख उघडेपर्यंत थांबा, नाहीतर जातीच्या रकान्यात फक्त 'बगळा' लिहा.